ही काय मागे!

जोर्वेकर सरांना मागून हाक मारून उपयोग नसतो. ते वळत नाहीत. ऐकू उत्तम येतं. तुम्ही ‘अहो सर’ म्हणून ओरडलात की चालता चालता उजवा हात वर करतात. त्याचा अर्थ ‘ऐकलं, पुढे या’. मग राहुरीच्या भर बाजारपेठेत, हातात भाजीची पिशवी सांभाळत, साठी उलटलेल्या माणसाने पळत जाऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं. तीस वर्षं एकाच शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि मी मराठी. त्यात घरंही शेजारी. त्यामुळे माझ्या आयुष्याचा बराचसा भाग असा पळण्यात गेला आहे.

कारण विचारलं तर उत्तर तयार असतं. “ग्रीकांनी सांगून ठेवलंय. मागे वळलं की गेलं!”

हे ग्रीक प्रकरण जुनं आहे. कॉलेजात त्यांना एका ग्रीक देवाचं प्लास्टरचं डोकं चित्र काढायला दिलं होतं. नाक फुटलेलं. “वर्षभर मी त्याचं डोकं काढलं,” सर सांगतात, “आणि मग ते माझ्या डोक्यात शिरलं.” ते अजून बाहेर आलेलं नाही. शाळेत ते शिक्षकांना विषयाच्या नावाने हाक मारायचे. “काय मराठी, आज काय शिकवलंत?” मी सांगायचो, घरी परतायला धडपडणाऱ्या खलाशाची कविता. “मूळचं ग्रीक!” स्वतःच्या रूपावर भाळलेल्या माणसाची गोष्ट? “ग्रीक!” उंच उडायला जाऊन पडलेला मुलगा? “तो तर ग्रीकच! अहो, युरोपातल्या निम्म्या चित्रकारांचं आणि कवींचं घर या देवांनी चालवलं.” एकदा मी वैतागून म्हणालो, निदान आमच्या अभंगांना तरी सोडा. सरांनी व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, “बरं. अभंग तुमचे.”

फेऱ्या मात्र कायमच्या. हा माणूस बसत नाही. चहासुद्धा चालत पितो, आणि बशी आमच्या कुंपणावर विसरतो. चित्र काढतानाही एक रेघ मारायची आणि खोलीभर हिंडून यायचं. त्यांच्याशी पाच मिनिटं बोललं की आपलेही पाय वळवळायला लागतात.

निवृत्त झाल्यावर तर या माणसाला गावच मोकळं सापडलं. स्टँडसमोरच्या भाऊसाहेबांनी त्यांच्या रसवंतीची पाटी रंगवून मागितली. “सर, झ्याक काढा. ज्यूस सेंटर.” सरांच्या कानाने काय ऐकायचं ते ऐकलं. चार दिवसांनी पाटी लागली. वर लफ्फेदार अक्षरांत ‘झ्यूस सेंटर’, आणि खाली ढगांवर बसलेला, पांढऱ्या दाढीचा, हातात वीज धरलेला, ग्रीक देवांचा राजा. भाऊसाहेब बघतच राहिले. आठवड्याभरात पाटीला हार पडला. कुणीतरी नारळ फोडला. लोक चपला काढून आत यायला लागले. भाऊसाहेब माझ्याकडे तक्रार घेऊन आले. “गर्दी लई वाढली, पन काय उपेग न्हाई. पाया पडत्यात अन् रस न पिताच जात्यात. सरास्नी सांगा, बाबाच्या हातात येक गिलास तरी द्या.” सरांनी साफ नकार दिला. पुराणात ग्लास नाही म्हणाले.

पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो ऑर्फियस या गवयात. त्याची बायको साप चावून मेली. हा तिच्यासाठी पाताळात गेला आणि असा गायला की तिथल्या राजालाही पाझर फुटला. घेऊन जा म्हणाला, पण अट एकच. ती तुझ्या मागून येईल. उजेडात पोचेपर्यंत मागे वळायचं नाही. आणि अगदी शेवटी हा वळला. ती गेली, कायमची. ही गोष्ट सरांनी दर वर्षी प्रत्येक वर्गाला सांगितली, आणि दर वर्षी शेवटी ते फळ्यावर डस्टर आपटायचे. “गाढव! दोन पावलं राहिली होती!”

“तो वळला नसता तर गोष्टच उरली नसती,” मी एकदा म्हणालो.

“तुम्हा मराठीवाल्यांना माणसं मारूनच गोष्टी लागतात!” असं म्हणून ते तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सरांच्या बायकोला, सुमनवहिनींना, हे ग्रीक पाठ झाले होते. “आमच्या सावित्रीने वाद घालून नवरा परत आणला,” त्या म्हणायच्या, “आणि याला नुसतं सरळ चालता येईना!” त्यांचं माहेर नेवाशाचं. एकदा दोघं स्कूटरवरून तिकडे निघाली. सरांच्या स्कूटरला आरसा नव्हता. मागे बघायचंच नाही तर आरसा कशाला? सोनईच्या अलीकडे पेट्रोल भरायला थांबले. टाकी सीटखाली, म्हणून वहिनी उतरल्या. पेट्रोल भरलं, सर बसले आणि निघाले. वाटभर ऑर्फियसची गोष्ट सांगत होते. नेवाशाला मेव्हण्यांनी, वसंतरावांनी, दार उघडलं. “या दाजी! आक्का कुठंय?”

“ही काय मागे!” सर अंगठा मागे करून म्हणाले. न वळता.

अर्ध्या तासाने आक्का कांद्याच्या टेम्पोतून आल्या. टेम्पोवाला वसंतरावांना हळूच म्हणाला, “आक्का रस्त्यानं लई बोलल्या वो.” घरात मात्र वहिनी एकच वाक्य बोलल्या. “तुमचा तो ग्रीक निदान वळला तरी. तुम्ही नाही वळायचे.”

हे राहुरीत कळलं तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो. सर हसले नाहीत. ते वाक्य त्यांना लागलं होतं. पुढे कित्येक महिने फिरताना मध्येच म्हणायचे, “काय मराठी, मी खरंच वळणार नाही का हो?” मी चेष्टेत उत्तर द्यायचो, “आरसा लावा आधी.” आज वाटतं, तेव्हा नीट उत्तर द्यायला हवं होतं.

गेल्या हिवाळ्यात वहिनी आजारी पडल्या. दवाखान्यात कॉटशेजारी खुर्ची होती. सर खोलीत फेऱ्या मारायचे. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनींना बोलताना धाप लागत होती, पण थट्टा चालूच होती. “मी गेले तर याल ना पाताळात न्यायला?”

“येईन,” सर म्हणाले.

“या. आणि दारात कुणी विचारलं की सांगाल, ही काय मागे!”

सरांच्या फेऱ्या थांबल्या नाहीत. नुसता वेग वाढला. तिसऱ्या दिवशी वहिनी गेल्या.

मुळा नदीच्या काठी सगळं उरकलं. अग्नी दिल्यावर परतताना मागे वळून बघायचं नाही, ही आपली रीत. आम्ही वीस-पंचवीस माणसं खाली मान घालून निघालो. सर सगळ्यांच्या पुढे, नेहमीच्या झपाट्याने. मला वाटलं, चला, इथे तरी यांची जन्माची सवय कामी आली.

फाटकाशी दोन पावलं राहिली असताना सर थांबले आणि वळले.

“दाजी, मागं बघू नका,” वसंतराव घाबरून म्हणाले. “बघत नसत्यात.”

सर बघत राहिले. आमच्या डोक्यांवरून, सरळ तिकडे. तीस वर्षांत या माणसाला एका जागी इतका वेळ उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

“वळलो गं,” ते म्हणाले.



सर अजूनही बाजारातून तसेच तरातरा जातात. मागून हाक मारली तर वळत नाहीत. मी आता मारतही नाही. पळत पुढे जातो आणि समोर उभा राहतो.