पेड म्हणजे पाय!

इंग्रजी सुधारायचं मी ठरवलं, यात माझं काय चुकलं, ते मला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. बायको रोज प्रयत्न करते.

झालं असं, की आमच्या ऑफिसात नवीन मॅडम आल्या. पाण्याच्या तक्रारींना उत्तरं लिहिणं हे माझं काम. एकोणीस वर्षं मी उत्तरं लिहितोय आणि माझं पत्र समजलं नाही अशी तक्रार आजवर एकाही माणसाने केलेली नाही (पाणी आलं नाही अशी केली, तो भाग वेगळा). तर या मॅडमनी माझ्या मसुद्यावर लाल शाईने एकच शब्द लिहिला : 'व्हर्बोस'. मी केबिनमध्ये जाऊन त्यांचे आभार मानले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. जागेवर येऊन डिक्शनरी उघडली तेव्हा कळलं, व्हर्बोस म्हणजे पाल्हाळ लावणारा. मी! ज्याला स्वतःच्या घरात एक वाक्य पुरं करू देत नाहीत!

त्याच संध्याकाळी मी इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्याचं एक जाडजूड पुस्तक घेऊन घरी आलो. त्यात म्हटलं होतं, शब्द पाठ करत बसू नका, त्यांची लॅटिन मुळं शिका. शंभर मुळं आली की हजारो शब्दांचे अर्थ आपले आपण लागतात. आणि लागायलाही लागले हो! पोर्ट म्हणजे वाहून नेणे. ट्रान्सपोर्ट, इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, पोर्टर, सगळे एका दमात खिशात. पेंड म्हणजे लटकणे. 'पेंडिंग' फायलींचं खरं स्वरूप मला त्या दिवशी उमगलं. मॅन्यु म्हणजे हात, म्हणून मॅनेजर म्हणजे हाताने काम करणारा. (इथेच मला संशय यायला हवा होता.) आणि पेड म्हणजे पाय. पेडल, पेडिक्युअर, पेडेस्ट्रियन. इतकं स्वच्छ, इतकं सरळ.

मुळं सतत डोळ्यांसमोर राहावीत म्हणून मी चिठ्ठ्या करून घरभर डकवल्या. नळावर 'ॲक्वा', दिव्याच्या बटणावर 'ल्युमेन'. सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्यांच्या औषधांच्या डब्यावर माझ्याकडून घाईत 'मॉर्ट' लागला. त्याचा अर्थ मरण, हे त्यांना कुणी सांगितलं ते मला ठाऊक आहे, पण तिच्याबरोबर मला उरलेला जन्म काढायचाय.

बायको शाळेत शिकवते. गेल्या गुरुवारी ती वर्गाची सहल घेऊन दोन दिवसांसाठी निघाली. दारातून म्हणाली, "अहो, त्या चिठ्ठ्या काढा, आणि आईकडे लक्ष द्या." एकदम दोन कामं सांगितली की त्यातलं एक राहतंच. माझी दोन्ही राहिली.

जमिनीवर मी 'टेरा' अशी चिठ्ठी डकवली होती. टेरा म्हणजे जमीन. तिचा चिकटपट्टीचा एक कोपरा सुटला होता, हे मी मान्य करतो. सासूबाई शब्दकोडं घेऊन खिडकीकडे निघाल्या, त्यांचा पाय त्या कागदावर पडला, आणि कागद, कोडं व सासूबाई तिघं मिळून कपाटापर्यंत गेले.

"कशावर पाय पडला माझा?" त्यांनी खाली बसल्या बसल्या विचारलं.

"जमिनीवर," मी म्हणालो. (शब्दशः खरं होतं.)

"अहो जावईबापू, जमीन सरकते होय?"

घोटा बघता बघता सुजला. मी बायकोला सहलीच्या बसमध्ये फोन लावला. मागे चाळीस मुलं किंचाळत होती. बायको ओरडली, "ताबडतोब हाडाच्या डॉक्टरला दाखवा!"

हाडाच्या! अहो, हाडं काय अंगभर असतात. दुखतोय पाय, तर पायाचाच खास डॉक्टर का नको? माझी सासू आहे, तिच्या बाबतीत मी हयगय करणार नाही. शिवाय पाडलं मीच होतं, हे मनाला खात होतं ते वेगळंच. मी फोनवर डॉक्टरांची यादी काढली. तिसऱ्याच नावापुढे झळझळीत अक्षरांत 'पेडिॲट्रिक क्लिनिक'. पेड! पाय! दोन गल्ल्या पलीकडे! मला इतका आनंद झाला, की पाय सुजलाय कुणाचा हे मी क्षणभर विसरलो. लगेच फोन केला.

"पेशंटचं वय?" तिकडच्या बाईंनी विचारलं.

"बहात्तर."

"म्हणजे सहा पूर्ण," त्या पुटपुटल्या. (मला वाटलं, नंबर सहावा असेल.) "काय झालंय?"

"पडणं झालंय. घोटा सुजलाय."

"रडणं फार आहे का?"

"नाही, बोलणं फार आहे."

"वजन?"

"अठ्ठावन्न किलो."

त्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला. "बाहेरचं खाणं असतं का खूप?"

"छे हो, सगळं घरचं. आणि चावायला दात कुठे आहेत?"

"पडायला लागलेत वाटतं?"

"पडून संपले."

"अगं बाई! या, चार वाजता आणा. आणि येताना एखादं आवडतं खेळणं असू द्या हातात, म्हणजे मन रमतं."

किती माणुसकी! मी सासूबाईंच्या हातात शब्दकोडं दिलं आणि त्यांना टॅक्सीत घातलं.

क्लिनिकच्या पाटीवर एका रांगणाऱ्या बाळाचं चित्र होतं. बाळ पाठमोरं, दोन्ही तळपाय आपल्याकडे. पायाच्या डॉक्टरने याहून चांगलं चित्र काय लावावं? आत गुडघ्याएवढ्या उंचीच्या खुर्च्या, लाल, निळ्या, पिवळ्या. पावलं जमिनीला नीट टेकावीत म्हणून केलेली सोय, हे मी लगेच ओळखलं. कोपऱ्यात लाकडी घोडा. व्यायामासाठी असणार. सगळीकडे कडेवर पोरं घेतलेल्या आया. हल्ली पायाचे विकार किती लवकर सुरू होतात, या विचाराने मी हळहळलो. सासूबाई एका पिवळ्या खुर्चीवर कशाबशा बसल्या आणि कोडं सोडवू लागल्या. त्या इतक्या गप्प का, असं मला वाटून गेलं. वेदना, दुसरं काय!

आमचा नंबर आला. डॉक्टर वयस्कर, हसरे. स्टेथोस्कोपला रबरी जिराफ लोंबकळत होता. त्यांनी आमच्या मागे वाकून पाहिलं.

"बाळ कुठाय?"

"हे काय," मी सासूबाईंना पुढे केलं.

डॉक्टरांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. "इथे बहात्तर लिहिलंय."

"बरोबर आहे."

"महिने?"

"वर्षं! महिन्यांत कोण मोजतं माणसाला?"

"मी मोजतो," डॉक्टर म्हणाले. "मी लहान मुलांचा डॉक्टर आहे."

मी ताठ उभा राहिलो. "असं कसं? पाटीवर पेडिॲट्रिक लिहिलंय. पेड म्हणजे पाय."

"लॅटिनमध्ये पाय. हा शब्द ग्रीक आहे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ मूल."

"ग्रीक? ग्रीक कुठून आले मध्येच? मग पेडल?"

"पाय."

"पेडिक्युअर?"

"पाय."

"आणि पेडिॲट्रिक?"

"मूल."

"डॉक्टर, ही शुद्ध फसवणूक आहे! एक भाषा एकाच शब्दात दोन भाषांचा माल भरते आणि बाहेर साधी सूचनासुद्धा लावत नाही! आमच्या ऑफिसात असं पत्र गेलं असतं तर लाल शाई पडली असती!"

"तुम्ही यांना ऑर्थोपेडिककडे न्या," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

माझ्या डोक्यात वीज चमकली. "ऑर्थोपेडिक! बघा! त्यात आलाच ना पेड? म्हणजे पाय!"

"नाही. तिथेही मूलच. ऑर्थो म्हणजे सरळ. वाकडी वाढलेली मुलं सरळ करणारा, तो ऑर्थोपेडिक."

मी खुर्चीवर बसलो. ती गुडघ्याएवढी आहे हे लक्षात न राहिल्यामुळे जरा जोरातच बसलो. म्हणजे मी बायकोचं निमूट ऐकलं असतं तरी, शब्दाच्या हिशोबाने, सासूबाईंना मुलांच्याच डॉक्टरकडे नेलं असतं! मग माझंच काय एवढं चुकलं? हे मी मोठ्याने विचारलं. बाहेर एक पोर रडायला लागलं.

डॉक्टर मात्र देवमाणूस. त्यांनी सासूबाईंचा पाय हलक्या हाताने दाबून पाहिला, फुंकर घातली (सवयीने असेल), आणि त्यांच्याकडे होती ती पट्टी बांधून दिली. पिवळ्या बदकांची होती. मुलांची पट्टी आखूड, म्हणून तीन रोल लागले. तिथून आम्ही हाडाच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने फोटो काढला, हाड शाबूत निघालं, नुसती मुरगळ. तीन आठवडे विश्रांती. पट्टी उत्तम बांधलीय, तशीच राहू द्या, असंही तो म्हणाला. ते बोलताना तो माझ्याकडे पाहत नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको आली. तिची नजर आधी बदकांवर गेली, मग माझ्यावर. मी तिला सगळं सांगितलं. लॅटिन, ग्रीक, पाटी, फसवणूक, सगळं. सांगताना माझा आवाज न्यायाने जितका चढायला हवा तितकाच चढला होता. तिने कपाळावर हात ठेवून ते ऐकून घेतलं आणि आईकडे वळली.

"आई, यांचं सोड. पण तुला पाटीवरचं बाळ दिसलं नाही?"

"दिसलं की."

"आत सगळी लहान मुलं होती, ती?"

"तीही दिसली."

"मग तू बोलली का नाहीस?"

सासूबाईंनी कोड्यावरची पेन्सिल थांबवली.

"मला वाटलं, आधी यांना दाखवायचंय."