हाळीची स्वतंत्र फांदी

एका जंगलात, तळ्याकाठच्या खडकाळ माळावर, एक टिटवी अंडी उबवत बसली होती. आणि तिच्या समोरचं गवत वाऱ्याच्या उलट दिशेला हललं.

एवढंच, मुलांनो. चार पाती. तुमच्या-आमच्या लक्षातही आलं नसतं. पण टिटवीचा स्वभावच घाबरट. पान पडलं तरी ती दचकायची, आणि बराच वेळ पान पडलं नाही तर ते का पडत नाही म्हणून दचकायची. शिकलेली होती ना! आमराईतल्या महाविद्यालयात तिने धोक्यांचा तौलनिक अभ्यास केला होता. साध्या टिटवीला आठ-दहा धोके ठाऊक असतात. हिला एकशे बारा पाठ होते.

तिने ओरडायला चोच उघडली.

आणि मिटली.

कारण तिला तीन दिवस ओरडायची बंदी होती, आणि आज तिसरा दिवस होता. बंदी घालणारे कोणी दुष्ट नव्हते, बरं का. तिचं भलं चिंतणारेच होते. तिने स्वतःच तसं लिहून दिलं होतं.

हे असं कसं झालं, ते ऐका.

मागच्या वर्षी या टिटवीची चारही अंडी गेली. ती ओरडली होती, घसा फुटेस्तोवर ओरडली होती. पण टिटवी ओरडली की अपशकुन, असं जंगलात लहानथोर सगळेच मानतात. कोणी कानांवर पंजे ठेवले, कोणी बिळाचं तोंड बुजवलं. एका म्हाताऱ्या सशाने तर खडा मारला.

टिटवी दोन दिवस रडली. मग रडणं आवरून तिने हाळी बनवली.

हाळी म्हणजे साध्या चार हाका. आभाळातून कोणी आलं तर एक. जमिनीवरून आलं तर दुसरी. पाण्यातून आलं तर तिसरी. आणि माणूस आला तर चौथी, ती सगळ्यांत लांब. ज्याने हाक ऐकली त्याने ती पुढे द्यायची आणि धावून यायचं. हाळी कोणाच्या मालकीची नव्हती. ज्याला हवी त्याने घ्यावी, आपल्या गळ्याला बसेल तशी बदलावी आणि काय बदललं ते बाकीच्यांना सांगावं. बस्स.

खारूताईने ती घेतली आणि शेपटीचा एक झटका जोडला, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी. होल्याने सूर खाली आणला, कारण वरच्या सुरात त्याला ठसका लागायचा. झिप्र्या वानराने जोडलं काहीच नाही, पण चुका पुष्कळ काढल्या. तेही कोणीतरी करावंच लागतं. पाहता पाहता तळ्याकाठचे निम्मे जीव हाळी शिकले. त्या उन्हाळ्यात ससाणा तीनदा आला आणि तिन्ही वेळा उपाशी गेला.

तेव्हा वडाकडून बोलावणं आलं.

वड म्हणजे प्रतिष्ठान. जंगलातली सगळी सामाईक कामं वडाच्या आश्रयाला असायची. मुंग्यांचा रस्ता होता, सुगरणींचं विणकाम होतं. नवं काम आलं की ते आधी बुंध्यातल्या ढोलीत ठेवायचे. तिला उबवणी म्हणत. तिथे ते काम वाढायचं, त्याला वळण लागायचं, आणि ते पुरतं पिकलं की त्याला वडाची एक स्वतंत्र फांदी मिळायची. फांदी वडाचीच, पण स्वतंत्र. यात कोणाला काही खटकत नसे.

"एकदा फांदी मिळाली ना टिटे," खारूताई म्हणाली, "की तुझ्या हाकेला अपशकुन म्हणायची कोणाची टाप नाही. अख्खं जंगल धावत येईल बघ."

टिटवीला तेवढंच हवं होतं. पुढच्या वर्षी पुन्हा अंडी घालायची होती.

ढोलीत मार्गदर्शक म्हणून बगळेसर मिळाले. ते एका पायावर उभे राहून, डोळे मिटून ऐकत. यापूर्वी त्यांनी तीन कामांना मार्गदर्शन केलं होतं. त्यांतली दोन मेली होती, पण नियमाला धरून मेली होती.

"हाळी उत्तम आहे," सर म्हणाले. "पण मला सांग, हाक कधी द्यायची हे कोण ठरवतं?"

"धोका ठरवतो ना, सर."

"चूक. समुदाय ठरवतो. प्रस्ताव मांडायचा, तीन अनुमोदनं घ्यायची आणि हरकतींसाठी तीन दिवस थांबायचं. कोणी काही बोललं नाही, तर मौन ही संमती."

"पण सर, तीन दिवसांत मगर येऊन..."

"मगरीलाही हरकत नोंदवायची संधी नको का? आपण खुले आहोत, टिटवी."

टिटवी आणखी काही विचारणार होती. पण सर अनुभवी होते, आणि ती नवखी होती. तिने मान डोलावली.

मग एकेक वळण लागत गेलं. 'जे वडाखाली बोललं गेलं नाही ते घडलंच नाही' असा एक नियम होता. एकदा भर माळावर घार आली आणि झिप्र्याने तिथल्या तिथे बोंब ठोकली. बोंब वडाखाली ठोकलेली नसल्यामुळे घार आलीच नाही, असं ठरलं. होल्याच्या शेपटीची दोन पिसं तिने नेली होती. ती अधिकृतपणे अजून शेपटीतच आहेत.

समुदायात सगळे अंगावर केस नाहीतर पिसं असलेलेच आहेत, अशी तक्रार आली. म्हणून एक बेडूक घेतला. तो प्रत्येक ठरावाला "डराँव" म्हणायचा. ते अनुमोदन धरायचे.

असं करता करता वर्ष गेलं. टिटवीने माळावर पुन्हा चार अंडी घातली. आणि एके सकाळी वडाचे अध्यक्ष कासवअण्णा ढोलीपाशी पोहोचले. निघाले होते आदल्या आठवड्यात.

"बाई, तुमची सगळी कलमं पूर्ण झाली. एकच राहिलं. हाळी तुमच्या एकटीच्या जिवावर तर उभी नाही ना?"

"नाही हो अण्णा. सगळे आहेत."

"मग उद्या तुम्हाला काही बरंवाईट झालं तर?"

टिटवी केवढ्यानं तरी दचकली. हा एकशे तेरावा धोका होता, आणि तो अभ्यासक्रमात नव्हता.

"मला... काय होणार आहे, अण्णा?"

"काही नाही हो. धरून चालायचं. तीन दिवस तुम्ही गप्प बसायचं. एकही हाक द्यायची नाही. तुमच्यावाचून हाळी चालली, तर तिसऱ्या दिवशी सूर्य मावळला की फांदी तुमची. तुम्ही चोच उघडलीत, तर काम अजून कच्चं. मग पुन्हा ढोली आणि पुन्हा एक वर्ष."

"पण माझी अंडी आहेत, अण्णा. अगदी उघड्यावर."

"त्यासाठीच तर हाळी आहे ना, बाई?"

तिने अर्जावर पायाचा ठसा उमटवला.

तर आता या परत माळावर. तिसऱ्या दिवसाची दुपार. गवताची चार पाती हलली आहेत, आणि टिटवीने चोच मिटली आहे.

गवतातून आधी जीभ बाहेर आली. टोकाशी दुभंगलेली, लांब. मग थोबाड आलं. मग बाकीची घोरपड आली. अंग ओलं, चाल सावकाश. अंडी खाणाऱ्याला घाई नसते. अंडी पळून जात नाहीत.

टिटवीने बाभळीकडे पाहिलं. तिथे खारूताई पहाऱ्यावर होती. तिने घोरपड पाहिली होती! तिची शेपटी उभी राहिली होती! आता झटका देईल, आता हाक देईल...

खारूताई सरसर उतरली आणि वडाकडे पळाली. शिस्त ती शिस्त.

वड काही फार लांब नव्हता. बोलणं माळावर स्वच्छ ऐकू येत होतं.

"घोरपड आलीय! जमिनीची हाक द्यायची, असा माझा प्रस्ताव आहे," खारूताई धापा टाकत म्हणाली.

"जमिनीची कशी?" होला म्हणाला. "अंग ओलं आहे तिचं. पाण्याची हाक."

"ओलं अंग हा काय पुरावा झाला?" झिप्र्या म्हणाला. "दंव असेल."

"भर दुपारी दंव?"

"हे बघा, वैयक्तिक बोलायचं काम नाही."

"अरे मेल्या, यात वैयक्तिक काय आहे? ती तिकडे अंड्यांपाशी पोहोचतेय!"

"मग मी म्हणतो, 'पाण्यातून निघून जमिनीवरून येणारे' अशी पाचवी हाक करा. होऊनच जाऊ दे एकदा."

बगळेसरांनी एक डोळा उघडला. कित्येक दिवसांत ते इतके खूश दिसले नव्हते.

"वा! टिटवीवाचून चर्चा चाललीय. मतभेद आहेत, आणि ते उघडपणे मांडले जाताहेत. अण्णा, काम पिकलंय हो."

"बेडकाचं मत काय?" अण्णांनी विचारलं.

बेडूक घोरपड पाहून केव्हाच तळ्याच्या तळाला गेला होता. त्याचं मौन संमती म्हणून धरलं. संमती कशाला, ते नंतर ठरवायचं होतं.

घोरपड आता दहा पावलांवर आली होती. टिटवी अंड्यांवरून उठली. हाक देता येत नव्हती, पण लंगडायला बंदी नव्हती. तिने एक पंख मोडल्यासारखा खाली सोडला आणि फरफटत फरफटत दूर जाऊ लागली. 'मला धर, मी जखमी आहे,' असं तिचं सारं अंग सांगत होतं.

घोरपडीने तिकडे वळूनही पाहिलं नाही.

"राहू दे, बाई," ती म्हणाली. "मागच्या वर्षी पाहिलंय मी हे. मागच्या वर्षी ओरडत मात्र फार होतात. कान किटले होते माझे. या वर्षी बरी शिस्त दिसते."

टिटवीची चोच उघडू पाहत होती. तिने ती दगडावर दाबून धरली.

"शिकल्या-सवरल्यांचं हेच मला आवडतं," घोरपड म्हणाली आणि आणखी दोन पावलं पुढे आली.

"धीर धरा हो, बाई!" वडाखालून कासवअण्णांनी आवाज दिला. त्यांनी सावली पाहिली. "एकच प्रहर उरलाय. फांदी अगदी हाताशी आलीय!"

टिटवीने मनात मोजलं. एक प्रहर गप्प बसलं, की स्वतंत्र फांदी. मग अख्खं जंगल धावून येणार. पुढच्या वर्षीची अंडी वाचणार, त्याच्या पुढच्या वर्षीचीही. सगळ्या टिटव्यांची वाचणार. चार अंड्यांत सगळ्यांचं भागत असेल तर हा हिशेब वाईट नव्हता. सरांनी तो नक्की मान्य केला असता.

तेवढ्यात एका अंड्यातून आतल्या बाजूने टकटक झाली.

टिटवी दचकली. आणि ओरडली.

जमिनीची हाक. अगदी पहिल्या दिवशीची, वरच्या सुरातली, शेपटीच्या झटक्यावाचूनची. तिला स्वतःलाही ती नीट जमली नाही. तीन दिवस गळा वापरला नव्हता.

वडाखालचे सगळे माळाकडे वळले.

"बाद!" झिप्र्या ओरडला. चूक काढण्यात तो नेहमीच पहिला.

"आणि जुनी आवृत्ती!" होला म्हणाला. "वर्षापूर्वी आपण सूर खाली आणलाय!"

"टिटे, काय केलंस गं हे," खारूताई रडू लागली. "थोडक्यासाठी घालवलंस. थोडक्यासाठी!"

ती मनापासून रडत होती, मुलांनो. पण जागची हलली नाही. बाद हाकेला धावून जाणं म्हणजे नियमभंगाला अनुमोदन देणं, आणि तिला टिटवीचं आणखी नुकसान करायचं नव्हतं. बगळेसरांनी उघडलेला डोळा मिटून घेतला. कासवअण्णांनी अर्जावरचा पायाचा ठसा हळूहळू, काळजीपूर्वक पुसला.

टिटवी पुन्हा ओरडली.

कोणी आलं नाही.

घोरपड पहिल्या अंड्यापाशी पोहोचली. तिने जिभेने ते चाचपलं. टिटवी उडाली, तिच्या डोक्यावर झेपावली, टोच मारली, मागे पडली, पुन्हा उठली. घोरपडीची कातडी जाड होती. टिटवी ओरडतच होती. आता तिला सूर आठवत नव्हता, कलम आठवत नव्हतं, एकशे बारांपैकी एकही धोका आठवत नव्हता. समोर होता तेवढा एकच दिसत होता.

तिने तिसऱ्यांदा हाक दिली.

आणि तळ्याच्या पलीकडून उत्तर आलं.

पलीकडे गवताळ कुरण होतं. तिथे वड नव्हता. तिथलं कोणी कधी ढोलीत आलं नव्हतं, बैठकीला बसलं नव्हतं, कोणाला बगळेसर ठाऊक नव्हते. सूर पार चुकलेला होता. हाकेच्या शेवटी भलताच एक हेल होता, तो कोणी आणि केव्हा जोडला देव जाणे. तो गळा चिमणीचा की चितळाचा, हेही टिटवीला ओळखता येईना.

पण हाक जमिनीचीच होती. आणि ती जवळ येत होती.

तात्पर्य: मुलांनो, आपलं काम आपल्यावाचून चालतं की नाही, हे सिद्ध करायचं असेल तर संकटकाळी गप्प बसायला शिकावं. अधीर होऊन जे ओरडतात, त्यांना फार तर मदत मिळते. फांदी मिळत नाही.