यक्षराष्ट्राचे स्वयंभू दही

खर्र, खर्र. सगळे गप्प उभे असताना हा आवाज आला.

किन्हीराजा या माणसांच्या गावाच्या दक्षिणेला पळसाचे रान आहे. तिथल्या यक्षांच्या अठ्ठावीस घरांनी त्या सकाळी स्वतंत्र राष्ट्र स्थापन केले होते, आणि राष्ट्र जन्मल्याचे ऐकू यावे म्हणून सारे यक्ष लांब कान टवकारून उभे होते. राष्ट्राचा आवाज काही आला नाही. आला तो हेमलाच्या झोपडीतून. मडक्याच्या बुडाला राहिलेले दही ती पळीने खरवडत होती. यक्ष तीनशे वर्षे जगतात हे खरे, पण लहानपणी त्यांचे पोट माणसांसारखेच बिघडते. तिच्या चार वर्षांच्या सोनीला आठ दिवस हगवण लागली होती आणि मऊ भातात कालवलेल्या दह्याखेरीज तिच्या पोटात काही ठरत नव्हते. पुढच्या विरजणापुरते चमचाभर ठेवून बाकीचे हेमलाने लेकीच्या वाटीत घातले.

"रडनं समजू शकतो," राष्ट्रप्रमुख जानराव बाहेरून म्हणाले, "पन आज खरवडनं?"

साल १९५६. वाशीमच्या बाजारातून आलेल्या मिठाच्या पुडीचा कागद जानरावांनी उलगडून वाचला होता. देशभर नवे प्रांत आखले जात असल्याची बातमी त्यात होती. "सगळ्यायले भेटून राह्यलं, मंग आपुनच काहून मांगं?" असे म्हणून त्यांनी त्याच कागदाच्या कोऱ्या कडेवर ठराव लिहिला: रानाभोवती बोरीच्या काट्यांचे कुंपण घालावे आणि बाहेरचे काहीही आत येऊ देऊ नये. कागद बाहेरचा आहे, अशी हरकत कोणीतरी घेतली. तेव्हा दुसऱ्या ठरावाने कागदाला झाडाची साल घोषित करण्यात आले.

मीठही बंदीतून वाचले. ते समुद्राचे, आणि समुद्र कोणीच पाहिलेला नसल्यामुळे तो परका ठरत नाही. गाई स्वतःच्या पायांनी आल्या असल्यामुळे नागरिक ठरल्या. दही मात्र भांड्यातून आणावे लागते. म्हणून शुद्धता-निरीक्षक उकंडराव 'नमुना सात: दह्याची वंशावळ' घेऊन हेमलाच्या दारी आले.

"हे दही कोनाच्या इरजनाचं?"

"मनकर्णामायच्या."

"तिचं?"

"रामीबाईच्या. तिचं किन्हीराजातल्या पंचफुलाचं."

उकंडरावांनी पेन्सिल थुंकीने ओली केली आणि 'पंचफुला' या नावाखाली दोन रेघा ओढल्या. तिसऱ्या दिवसापर्यंत अठ्ठावीस वंशावळी तयार झाल्या. अठ्ठाविसाच्या अठ्ठावीस पंचफुलाच्या शिंक्यात जाऊन पोचत होत्या. खुद्द जानरावांच्या घरचे दही तर तिचे थेट होते, मध्ये कोणी नव्हते. ती वंशावळ 'गोपनीय' या शेऱ्याखाली ठेवण्यात आली.

सर्व मडकी पंचांसमक्ष कुंपणापलीकडे ओतण्यात आली. हेमलाने आपले मडके पदराआड धरले होते.

"भाऊ, पोरीच्या पोटात दुसरं काईच राहत नाई."

"मले का समजत नाई, बाई? माह्या घरीबी दोन हायेत. पन एका पोरीसाठी सूट देली तं राष्ट्र कायचं?"

उकंडरावांनी मडके ओतले आणि रिकामे झाल्याची पावती तिच्या हाती दिली.

मग राष्ट्रीय दही योजना आली. उकळलेले दूध झेंड्याखाली ठेवायचे, त्याच्यापुढे रोज राष्ट्रगीत म्हणायचे. स्वाभिमान जागा झाला की ते आपोआप लागेल, असा तज्ज्ञांचा अभिप्राय होता. पहिल्या दिवशी दूध नासले. अहवालात 'प्रगती समाधानकारक' अशी नोंद झाली. तिसऱ्या दिवशी बुरशी धरली. 'प्रगती दिसू लागली'. पाचव्या दिवशी वास सुटला तेव्हा 'प्रगती दूरवर जाणवते' असे लिहून निरीक्षक नाकाला फडके लावून निघून गेले.

सोनी आता मांडीवर घेतली की पिसासारखी लागायची. तिचे कान, एरवी पाखरू उडाले तरी वळणारे, उशीवर नुसते पडून असायचे.

सहाव्या दिवशी भर दुपारी हेमला कुंपणाशी गेली. तिचा नवरा लखीराम तिथेच पहाऱ्यावर होता. त्याने बायकोकडे पाहिले, मग आभाळातल्या एका घारीकडे, ती फार महत्त्वाची असल्यासारखा, पाहत राहिला.

पलीकडे पंचफुला बकऱ्या चारत होती. "काहून व हेमला, दिसली नाई किती दिसाची?"

"आमी राष्ट्र झालो."

"अस्सं! मंग आता का पायजे राष्ट्राले?"

"चमचाभर इरजन."

पंचफुला खळखळून हसली. घरी जाऊन पळसाच्या पानाचा द्रोण भरून दही घेऊन आली आणि काट्यांतून हात घालून तिने तो दिला. मनगटावर ओरखडा उठला तो तिने तोंडाने चोखला.

"तुमचं बरं हाय बाई," ती म्हणाली. "तुमाले काटे तरी लावा लागले. आमच्या गावात एका गल्लीचं दही दुसऱ्या गल्लीत चालत नाई, अन तिथं कुंपनबी नाई. सुईभर काटा दिसत नाई कोनाले."

त्या संध्याकाळी सोनीने चार घास खाल्ले आणि ते पोटात राहिले. दोन दिवसांनी तिचे कान पुन्हा पाखरांकडे वळू लागले.

वास लपत नाही. उकंडराव आले आणि मडक्यात डोकावले.

"हे कसं लागलं?"

हेमलाने सोनीकडे पाहिले. "आपोआप."

निरीक्षकांचे डोळे भरून आले. पाच दिवसांचे अहवाल खरे ठरत होते. शिवाय घरची दोन पोरे उपाशी होती. त्यांनी नमुना सातवर 'वंश: निरंक' असे लिहिले आणि खिशातून वाटी काढली. ती त्यांनी येतानाच आणली होती.

दुसऱ्या दिवशी हेमलाचा सत्कार झाला. अठ्ठावीस घरांना चमचा-चमचा स्वयंभू दही वाटण्यात आले. जानरावांनी ते चाखले, जुनी ओळख पटल्यासारखे क्षणभर थांबले, आणि म्हणाले, "हा स्वाद बाहेर कुठंच भेटनार नाई!" शाळेत धडा लागला: आमचे दही कोणापासून झाले नाही. जो यक्ष याविषयी शंका घेईल, त्याचे मडके ओतले जाईल.

महिनाभराने, दिवस कलताना, हेमला कोमट दुधात विरजण कालवत होती. दारात उकंडराव रोजच्यासारखे वाटी घेऊन बसले होते. धडा पाठ करत सोनी जवळ आली आणि मडक्यावर वाकली.

"माय, दुधात हे काहून टाकतं व?"

"दही लागाले, बाई."

"अन हे कशानं लागलं?"

"कालच्या दह्यानं."

"अन कालचं?"

"परवाच्या."

उकंडरावांनी वाटी खाली ठेवली. हेमलाची पळी दुधातच थांबली. उद्या हीच पोर शाळेत उभी राहून बोलणार होती, जे तिला माय सांगेल ते.

सोनीचे दोन्ही कान मायकडे वळले.

"मंग माय, सगळ्यात पयलं दही कोनाच्या घरून आनलं?"