कॉम्प्रेसरचे तेल आणि आंघोळीची बादली

कोणतेही कार्य कारणाशिवाय घडत नाही, आणि ते कारण शोधून काढण्यास माझ्याइतका लायक माणूस नागपूरच्या लकडगंजात दुसरा नाही, असे माझे तेव्हा प्रामाणिक मत होते. संत्र्यांच्या शीतगृहातले अमोनियाचे यंत्र माझ्या देखरेखीखाली चाले. राहायला आवारातच एक खोली होती. बोलायला यंत्र होते, आणि ते माझ्याशी नियमित वागत असे.

डिसेंबरात त्याने नियम मोडला. सकाळी कॉम्प्रेसरचे तेल तापू लागले आणि ठरलेली मर्यादा ओलांडताच यंत्र आपोआप बंद पडू लागले. मे महिना असता तर मी नागपूरला दोष दिला असता. पण बाहेर लोक शेकोटीभोवती बसले होते आणि आत तेलाला ताप चढत होता!

मालक ताराचंदशेठ म्हणाले, "साहेब, कोठी संत्र्यांनी भरून हाय. हफ्त्याभरात मशीन सुधरली नाही तर मी मुंबईहून माणूस आणतो. मंग दोन-दोन इंजिनिअर पोसणं मले जमत नाही."

तेल थंड ठेवण्यासाठी त्याच्याभोवती पाणी फिरवतात. ते पाणी तेलाची उष्णता घेऊन भिंतीमागच्या नळीतून बाहेर पडते. मी सगळे खोलले. नळ्यांतला क्षार खरवडला, गाळणी बदलली, तेल बदलले, शेवटी तापमापकावरही संशय घेतला. यंत्र दिवसभर शहाण्यासारखे चालायचे आणि दुसऱ्या सकाळी, मी आंघोळीला निघालो की, रुसायचे. टॉवेल गुंडाळून धावत जावे, तर पाणी भरपूर वाहते आहे, नळीवरची झडप पूर्ण उघडी आहे.

एका निरीक्षणाचा मला विशेष अभिमान होता. झाडलोट करणाऱ्या तुळसाबाई त्याच नळीवरून माझ्या आंघोळीची बादली भरून आणत. ते पाणी अलीकडे चांगलेच कढत येई. तेल तापते म्हणून पाणी तापते. सिद्धांत निर्दोष होता.

चौकीदार चंपतरावांना तो पटला नाही. "साहेब, नजर लागली हाये मशीनले. लिंबू-मिरची बांधू द्या."

"तेलाच्या तापमानाशी लिंबाचा संबंध नाही."

"मंग कायचा हाये, ते तरी सांगा ना."

मी तुच्छतेने परवानगी दिली. तुळसाबाई भाचीच्या लग्नाला उमरेडला गेल्या होत्या, त्यामुळे मी आंघोळीला सुट्टी दिली होती. आणि लिंबाखाली यंत्र अखंड चालले. नापास मुलाकडे बापाने पाहावे तसे चंपतराव माझ्याकडे पाहत होते.

तुळसाबाई परतल्या आणि लिंबू निष्प्रभ ठरले. "सुकलं ते," चंपतराव म्हणाले. दुसऱ्या सकाळी मी यंत्र बंद पडण्याची वाट न पाहता भिंतीमागे गेलो. तुळसाबाई झडप जवळजवळ बंद करून, करंगळीएवढ्या धारेखाली बादली ठेवून निवांत बसल्या होत्या.

"हे काय चाललंय?"

"पाणी गरम करून राहिली, साहेब. मोठ्या धारेनं कोमट येते. बारीक सोडलं का मस्त कढत. बादली भरली का होतं तसं उघडून देते."

"कोणी सांगितलं हे?"

"सांगाले कोन पाहिजे? तुम्ही एकटे. घरात बाई नाही, चूल नाही. एवढ्या थंडीत आंग धुवून राहिले होते. मले पाहवलं नाही."

कार्य आणि कारण यांनी मुकाट्याने जागा बदलल्या: पाणी तापवले जात होते म्हणून तेल तापत होते. खरे सांगितले तर शेठ या बाईंना आजच काढतील, हेही तितकेच स्पष्ट दिसले.

"मला डॉक्टरांनी गार पाणी सांगितलं आहे," मी म्हणालो, आणि झडप पूर्ण उघडली.

शेठना सांगितले, की झडप माझ्याच हातून अर्धवट बंद राहत होती.

"एवढंच? अन् त्याच्यासाठी सारी मशीन खोलली तुम्ही?" ते बराच वेळ हसले. मुंबईचा माणूस रद्द झाला. माझ्यामागून रोज झडप तपासण्याचे काम चंपतरावांकडे आले.

बातमी दुपारपर्यंत तुळसाबाईंकडे पोचली. त्या झाडू घेऊनच आल्या.

"काहून साहेब, एवढे शिकले अन् नळीचा वाल बंद ठेवता? शेठची संत्री सडली असती ना. टायमावर जेवता का नाही? ध्यान कुठं राहते तुमचं?"

नागपुरात आल्यापासून माझ्यावर कोणी रागावले नव्हते. त्या आता थांबतील असे वाटले, तेव्हा खोलीतला दिवा विझवायलाही मी पुष्कळदा विसरतो, असे स्वतःहून सांगितले.