उपासाची भाकरी

राखेच्या बुधवारी संध्याकाळी पास्कल थोरात कपाळाला राख लावून खोलीवर परतला आणि दारात वाती वळत बसलेल्या गिरिजाबाईंचा ऊर भरून आला. पोरगं त्यांच्याकडं खोली घेऊन राहायला आल्याला दीड वर्ष झालं होतं. वाशी तालुक्यातलं, ख्रिस्ती घरातलं, धाराशिवला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला. जेवणही त्यांच्याकडंच. वागायला गरीब, बोलायला गोड, पण कपाळ कायम कोरं. सकाळी उठून कपाळाला भस्माचे पट्टे ओढल्याशिवाय ज्या घरात चहा उकळत नाही, त्या घरात हे कोरं कपाळ गिरिजाबाईंना रोज खुपायचं.

“भस्म लावलंस व्हय रं बाळा?”

“व्हय काकू. चर्चमधी लावतेत. आजपस्नं आमचे उपास सुरू.”

“किती दिवस?”

“चाळीस.”

गिरिजाबाईंच्या हातातली वात खाली पडली. त्या स्वतः सोमवार करायच्या, शिवरात्र करायच्या. पण सलग चाळीस दिवस उपास करणारा माणूस त्यांनी फक्त पोथीतल्या चित्रात पाहिला होता, आणि त्याला छातीपर्यंत दाढी होती.

“आरं, मग आधी न्हाय सांगायचं? काळजी करू नगंस. परवा शिवरात्रीच्या प्रसादाला गल्लीनं साबुदाणा आणलाता, त्यातलं अर्धं पोतं तसंच पडलंय. देवानंच ठेवलंय बघ तुझ्यासाठी!”

पास्कलच्या कपाळावरची राख घामानं ओली झाली. कारण यंदाच्या उपासाला त्यानं जी एकमेव गोष्ट सोडली होती, ती म्हणजे साबुदाणा.

ही काही साधी गोष्ट नव्हती. पास्कलचं आणि खाण्याचं नातं जुनं होतं. लहानपणी प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी त्यानं तो पवित्र घास घेतला, जागेवर गेला, थोडा विचार केला आणि पुन्हा रांगेत येऊन उभा राहिला. “एकदाच मिळतं, बाळा,” फादर ऑगस्टीन हळूच म्हणाले होते. ते वाक्य त्याच्या आईनं पुढं घरातल्या प्रत्येक पंगतीत वापरलं.

मोठा झाल्यावर इतर पोरांना क्रिकेटचा छंद लागला, याला साबुदाणा वड्याचा. सुट्टीच्या दिवशी एसटीनं जायचं, जिल्ह्यातल्या एखाद्या बसस्टँडवर उतरायचं, वडा खायचा, मोबाइलवर त्याचा व्हिडिओ करायचा आणि पाचपैकी गुण द्यायचे. चॅनलचं नाव ‘वडा-यात्रा’. बेंबळीला तीन मिळाले होते. तेरचा वडा खायला गेला तेव्हा परतीची एसटी चुकली, आणि नेमके त्याच दिवशी धाराशिवच्या छोट्या चर्चमध्ये बिशप दृढीकरणाला आले होते. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापानं आपल्या वतीनं देवाला दिलेला शब्द जाणतं झाल्यावर आपल्या तोंडानं द्यायचा, म्हणजे दृढीकरण. बाकीच्या पोरापोरींनी शब्द दिला. पास्कलनं त्या वेळी तेरच्या वड्याला चार गुण दिले.

बिशप काही दरवर्षी येत नाहीत. यंदा ते ईस्टरनंतरच्या रविवारी येणार होते, आणि मधल्या काळात बदलीवर जाऊन परत आलेले फादर ऑगस्टीन पास्कलला विसरलेले नव्हते.

“सगळ्यात आवडतं ते सोड,” ते म्हणाले. “ईस्टरपर्यंत. काय सोडलंस ते मलाही सांगू नकोस आणि गावालाही नको. उपासाची दवंडी पिटू नका, असं प्रभूनंच सांगितलंय. ईस्टरला मी एवढंच विचारणार, पाळलंस का. पाळलं असशील तर तुझं नाव बिशपांपुढं. तू खोटं बोलत नाहीस हे मला माहिताय. तू फक्त खातोस.”

आणि आता हे अर्धं पोतं.

दुसऱ्या दिवशी ताटात खिचडी आली. दाण्याचं कूट सढळ, वर लिंबू. पास्कल म्हणाला, “काकू, मला भाकरी चालंल.”

“भाकरी? उपासाला?” गिरिजाबाईंनी कानाला हात लावला. “माझ्या घरात ते पाप व्हायचं न्हाय.”

“मग भगर तरी?”

त्यांनी भगर केली. पोराला ताकद यावी म्हणून तिच्यात साबुदाणा घातला. रताळं मागितलं तर रताळ्याचा कीस साबुदाण्यात कालवून आला. दुधाचा पेला मागितला तर खीर आली. आणि शुक्रवारी, आभाळाला वास जाईल असे, बाहेरून तांबूस, आतून मऊ वडे आले. पास्कलनं आजवर बसस्टँडवर ज्यांना गुण दिले होते, ते सगळे वडे ह्या वड्यांपुढं शाळा सोडलेली पोरं वाटावीत. त्यानं ताट उचललं, “वर अभ्यास करत खातो,” म्हणाला आणि जिना चढला. खोलीत ताट पुढ्यात ठेवून तो क्रुसाची खूण करून बसला. इतकी कळकळीची प्रार्थना त्यानं परीक्षेच्या आदल्या दिवशीही केली नव्हती.

तेवढ्यात दार ढकलून अप्पा आत आले. शिवप्पा म्हणजे गिरिजाबाईंचे यजमान. कापडाचं दुकान पोराच्या हवाली केलेलं आणि जीभ डॉक्टरच्या. साखरेमुळं साबुदाणा, बटाटा, गोड, तळलेलं सगळं बंद. हातात त्यांचं ताट होतं.

“वास आला,” अप्पा म्हणाले. “तुझ्या ताटात वडे. माझ्या ताटात ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आन् वरण.”

दोघं एकमेकांच्या ताटाकडं बराच वेळ बघत राहिले.

“तुला वडा नगं व्हय रं?”

“कामून ते विचारू नका अप्पा.”

“न्हाय विचारत. विचारलं तर तू खाशील.”

ताटं बदलली. त्या दिवसापासून अप्पा रोज आपलं ताट घेऊन वर जाऊ लागले. “पोराला तेवढीच सोबत,” असं खाली सांगायचे. म्हाताऱ्याला लेकराचा लळा लागला म्हणून गिरिजाबाई सुखावल्या. पास्कल मेथी-भाकरी खाऊन आपला उपास काटेकोर पाळू लागला आणि अप्पा चाळीस दिवसांच्या व्रतात मनापासून रमले. “तुमचा धर्म चांगला हाय,” एकदा ते बोटं चाटत म्हणाले.

गल्लीत बोलबाला झाला. एवढा कडक उपास करून पोराच्या तोंडावर कसलं तेज आलंय, हे बघायला बायका निमित्त काढून येऊ लागल्या. शेजारच्या मथुराबाई तर एका संध्याकाळी राजगिऱ्याचे लाडू घेऊन थेट वरच गेल्या. दारात उभ्या राहिल्या. आत यजमान वडा दह्यात बुडवत होते आणि व्रतस्थ पोरगा भाकरीवर ठेचा पसरत होता.

“अगं गिरिजा,” मथुराबाईंनी जिन्यावरूनच हाक दिली, “तुझ्या घरात उपास करूलालंय कोण?”

गिरिजाबाई वर आल्या. अप्पांनी आयुष्यभर कापडाच्या धंद्यात दाखवलं नव्हतं एवढं चापल्य दाखवलं. “म्या न्हाय,” ते म्हणाले. “पोरगंच भाकरी खाऊलालंय!”

गिरिजाबाईंनी नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते नंतर.

“पास्कल, भाकरी खाल्लीस?”

“व्हय काकू.”

“म्हंजी उपास मोडलास.”

“न्हाय काकू.”

“मग हे काय हाय हातात?”

पास्कलनं हातातली भाकरी ताटात ठेवली. सांगितलं तर दवंडी होते, नाही सांगितलं तर काकू रडतात. त्या रडल्याच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पदर डोळ्याला लावून एवढंच म्हणाल्या, “माझ्या घरात लेकराचा उपास मोडला. त्याच्या देवाला म्या काय तोंड दाखवू?”

आणि तोंड दाखवायला त्या खरोखरच गेल्या. शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाची वाट, म्हणजे उपासाच्या दिवसांतली शुक्रवारची प्रार्थना, संपून लोक बाहेर पडत होते. तेव्हा गिरिजाबाई एका हातात पास्कलचं मनगट आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन फादरांपुढं उभ्या राहिल्या. मागं, चार पावलं अंतर ठेवून, अप्पा.

“फादर, पोरगं चुकलं. वय लहान हाय. पदरात घ्या. दोष माझा हाय, माझंच ध्यान न्हवतं.”

फादरांचा चेहरा गंभीर झाला. “काय खाल्लं त्यानं? मटण?”

“शिव शिव! माझ्या घरात? भाकरी खाल्ली, भाकरी!”

फादरांनी पास्कलकडं पाहिलं, मग अप्पांकडं. अप्पा छताकडं बघत होते.

“बाई, भाकरीनं आमचा उपास मोडत नाही.”

“मोडत न्हाय?” गिरिजाबाईंनी पास्कलचं मनगट सोडलं. “मग तुमच्यात उपास म्हंजी असतो तरी काय?”

“शुक्रवारी मांस नाही. आणि ज्यानं त्यानं आपल्याला सगळ्यात प्रिय असेल ते एक सोडायचं.”

“मग ह्यानं काय सोडलंय?”

“ते त्याला आणि देवाला माहीत.”

गिरिजाबाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळे पुसून त्यांनी डबा उघडला. “म्हंजी लेकरू चुकलंच न्हाय! आन् म्या त्याला सगळ्या गल्लीतनं मनगट धरून आणलं. घे बाळा, प्रायश्चित्त म्हणून आणलेते. आता माझ्या हातचा एक खा, म्हंजी मला कळंल राग गेला म्हणून.”

डब्यात वडे होते. गरम.

“खा की पास्कल,” फादर म्हणाले. “एवढ्या मायेनं आणलेत.”

पास्कलचा हात पुढं झाला आणि हवेत थांबला. समोर काकूंचे ओले डोळे, शेजारी फादरांचा हुकूम, वर देव, आणि मधोमध वडा. त्यानं फादरांकडं बघितलं. शाळेत उत्तर येत असून सांगता येत नाही, तसं बघितलं.

फादर ऑगस्टीन हे ‘वडा-यात्रा’चे जुने प्रेक्षक होते. ते कधी कबूल करत नसत. पण राखेच्या बुधवारपासून चॅनलवर एकही वडा आला नव्हता, हे त्यांच्या ध्यानात होतं. फक्त परीक्षा असेल असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी वड्याकडं बघितलं, पोराच्या हाताकडं बघितलं, आणि डबा स्वतःकडं ओढला.

“बाई, देवळात आणलेला प्रसाद आधी पुजाऱ्याचा. आणि मला जरा भूक जास्तच आहे.”

ते बाकावर बसले आणि शांतपणे, एकामागून एक, सगळे वडे खाल्ले. शेवटचा घास गिळताना त्यांचे डोळे किंचित पाणावले. गिरिजाबाईंना ते बघून गलबलून आलं.

“किती उपाशी ठेवतेत ह्यांना,” त्या घरी येताना म्हणाल्या. “एकटा जीव. आता पोतं संपस्तोवर दर शुक्रवारी डबा द्यायचा.”

आणि दिला. पास्कलला रीतसर भाकरी सुरू झाली, अप्पांचं ताट गिरिजाबाईंच्या नजरेखाली आलं, आणि दर शुक्रवारी क्रुसाची वाट संपली की फादर ऑगस्टीन डबा उघडायचे.

ईस्टरची सकाळ उजाडली. घंटा वाजल्या, गाणी झाली. मिस्साची प्रार्थना संपल्यावर फादरांनी दारात विचारलं, “पाळलंस?”

“पाळलं, फादर.”

“मग येत्या रविवारी बिशपांपुढं उभा राहा. आणि त्या दिवशी एसटीत बसू नकोस.”

पास्कल घरी धावत आला. साऱ्या मिस्साभर त्याच्या डोळ्यांपुढं पुनरुत्थित प्रभू होते, पण थोडे बाजूला, आणि मधे एक ताट होतं. “काकू, उपास सुटला!”

“माहीत हाय मला!” गिरिजाबाई चुलीपासून हसत उठल्या. “म्हणून तर पहाटेपस्नं पुरण घाटूलाले. फादरांना बी जेवायला बोलावलंय. बस पाटावर.”

“आन्… साबुदाणा?”

“त्याचं आता काय काम? उपास सुटला की. पोतं बी संपलं बघ, देवाच्या दयेनं.” खुंटीला घडी घातलेलं पोतं लटकत होतं.

पास्कल पोत्याकडं बघत पाटावर बसला. तोवर फादरही येऊन शेजारच्या पाटावर टेकले. पुरणपोळीवर तुपाची धार पडली. पोळी अप्रतिम होती. तरी दुसऱ्या पोळीला त्याला राहवलं नाही. आता दवंडीची भीती नव्हती.

“काकू, एक सांगू? म्या साबुदाणा सोडलाता.”

गिरिजाबाईंचा तुपाचा चमचा अधांतरी राहिला. “इतके दिवस म्या तुला… आन् तू एक दाणा बी…”

“न्हाय काकू. पण तुमच्यासारखी माया कुणी केली न्हवती. म्हणून तर लई अवघड गेलं.”

“आता निघालंच आहे तर,” फादर खाकरले, “यंदा मी तळलेलं सोडलं होतं.”

“अरे देवा! म्हंजी म्या तुमचा बी उपास मोडला!”

“तुम्ही नाही मोडला. ह्या पोरानं जन्मात पहिल्यांदा शब्द पाळायला घेतला होता. त्याचा राहावा म्हणून मी माझा मोडला. मला वाटतं, देवाला चालला असेल.”

“माझं काय ते विचारू नका,” अप्पा भाकरी मोडत म्हणाले.

गिरिजाबाई उठल्या. खुंटीवरचं पोतं त्यांनी परातीत उलटं करून झटकलं, शिवणी उसवल्या, कोपरे चाचपले. मूठभर दाणे निघाले. ते त्यांनी भिजत घातले. पुरणपोळीनं सगळ्यांना अशी गुंगी आणली, की दाणे भिजून होईपर्यंत फादरसुद्धा ओसरीवर लोडाला टेकून होते.

उन्हं कलली तेव्हा एक वडा झाला. एकच. गिरिजाबाईंनी तो पास्कलच्या ताटात ठेवला. पास्कलनं त्याकडं बघितलं, मग सगळ्यांकडं बघितलं, आणि त्याचे चार तुकडे केले. एक काकूंना, एक फादरांना, एक, काकूंनी डोळे वटारायच्या आत, अप्पांना. उरलेला त्यानं तोंडात ठेवला आणि डोळे मिटले.

मग पास्कलनं डोळे उघडले आणि ताट पुन्हा पुढं केलं.

“एकदाच मिळतं, बाळा,” फादर ऑगस्टीन म्हणाले.