खोवीरचा पाय

राजाभाऊंनी शिडीवर चढून माळ्यावर हात घातला, तेव्हा गठ्ठ्याच्या जागी फक्त सुतळी हाताला लागली.

"अगं, इथली पुस्तकं कुठे गेली?"

"कुठली? तुमचा तो खोवीर?" वासंतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "संगमेश्वरला आंब्याची पेटी पाठवायची होती ना, रद्दी संपलेली. मग तीच फाडून थराथरात घातली. सकाळीच गेली पेटी. कागद मात्र मऊ हो! एक आंबा डागायचा नाही."

राजाभाऊ शिडीवरून उतरले की पडले, हे सांगणं कठीण आहे. ती पुस्तकं ते जाळायलाच काढत होते. रविवारी संगमेश्वरचे होणारे व्याही भिकाजीराव सुपारी फोडायला रत्नागिरीत येणार होते, आणि त्यांच्या नजरेला खोवीर पडू नये एवढीच राजाभाऊंची इच्छा होती. आता तो बायकोनेच घरपोच पाठवला होता.

खोवीर हा राजाभाऊंनी पंचवीस वर्षांपूर्वी स्वतः लिहिलेला, काढलेला आणि पदरमोड करून छापलेला चित्रकथेचा नायक. झगा घालून उडणारा खो-खोपटू. त्याच्याबद्दल रत्नागिरीत दुमत कधीच नव्हतं. एका साप्ताहिकाने ओळखीखातर 'छपाई सुबक आहे' एवढं लिहिलं. शेंगदाणेवाल्याने पुड्या बांधायला एक गठ्ठा नेला, तोही गिऱ्हाईक कुरकुरतं म्हणून परत आणून दिला.

पण खरी भीती खलनायकाची होती. त्याचं नाव शिट्टासुर. पोट सुटलेलं, डाव्या गालावर तीळ, आणि शिट्टी फुंकली की समोरचा खेळाडू दगड. हा राजाभाऊंनी हवेतून काढला नव्हता. जिल्ह्याच्या खो-खोच्या अंतिम सामन्यात 'पाय मधल्या पट्टीपलीकडे गेला' म्हणून ज्या पंचाने त्यांना फाऊल दिला आणि ज्याच्यामुळे ढाल हुकली, तोच जसाच्या तसा कागदावर उतरवला होता. पुढे राजाभाऊंच्या मुलीने, अवनीने, सलिलशी परस्पर जमवलं आणि सलिलचे वडील पहिल्यांदा घरी आले, तेव्हा त्यांच्या डाव्या गालावर तो तीळ होता. भिकाजीरावांना काही आठवलेलं दिसलं नाही. राजाभाऊंनीही आठवण करून दिली नाही. हा माणूस पाहुणे उशिरा आले म्हणून थोरल्या मुलाचं ठरत आलेलं लग्न मोडून बसला होता.

राजाभाऊंनी फोन फिरवला. भिकाजीरावांच्या पत्नी, दमयंतीवहिनींनी उचलला.

"वहिनी, पेटी पोचली का?"

"आत्ताच आली! हे फोडायलाच बसलेत."

"फोडू नका!"

"का हो?"

"आंबे... आंबे अजून तयार नाहीत."

"मग तर लगेच काढून आढीत घालायला हवेत! अहो, सगळे थर काढा हो आजच!" वहिनींनी तिथूनच ओरडून नवऱ्याला सांगितलं.

राजाभाऊंना स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. "थांबा, थांबा! आढी मी येऊन लावतो. आमच्या झाडाचा आंबा जरा नाजूक आहे. खालच्या थरांना हात लावू नका."

"अहो, व्याह्यांनी येऊन आढी लावायची? लोक काय म्हणतील?"

लोकांचं काय ते नंतर बघू, म्हणून राजाभाऊंनी स्कूटर काढली. हातखंब्यापर्यंत त्यांनी 'ती पुस्तकं माझी नव्हेतच' असं म्हणायचं ठरवलं. बावनदीच्या पुलावर त्यांना आठवलं, की आपण प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात झोकदार सही केलेली आहे. आता अवनीला काय सांगायचं? पोरगी काल रात्रीच साडीचा रंग विचारत होती.

भिकाजीराव पडवीत बसले होते. मांडीवर चुरगळलेली पानं, नाकावर चष्मा. एकेक पान ते तळहाताने सपाट करत होते.

"या राजाभाऊ. हे तुम्ही काढलंत?"

"तरुणपणी... आपलं असंच."

"हा शिट्टीवाला. हे पोट, हा तीळ." भिकाजीरावांनी स्वतःच्या गालाला बोट लावलं. "हा मीच ना?"

राजाभाऊंची मान आपोआप हलली.

"दमयंती, बाहेर ये!" भिकाजीराव गरजले. "जन्मात कधी पंचाला हीरो केलेली गोष्ट वाचलीस? ही वाच! हा झगेवाला टवाळ पानोपानी पट्टी ओलांडतोय, आणि हा एकटा माणूस नियमासाठी उभा राहिलाय. लोक दगड मारतायत, पण शिट्टी सोडत नाही!"

आपल्या नायकाला टवाळ म्हटलेलं राजाभाऊंनी गिळलं. वर "तेच दाखवायचं होतं" असंही म्हणाले.

"फक्त शेवट मिळेना. तळाच्या थरात असेल."

"तुम्ही बसा, मी काढतो!" राजाभाऊ पेटीवर जवळजवळ आडवेच पडले. एका हाताने ते आंबे गवतावर मांडत होते आणि दुसऱ्या हाताने शेवटचं पान सदऱ्यात सारत होते.

"अहो, सदऱ्यात काय घालताय? घाम लागेल त्याला," म्हणत वहिनींनी ते ओढून काढलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

पानावर खोवीरने शिट्टासुराला खांबाला बांधलं होतं. शिट्टीच्याच दोरीने. लोक टाळ्या वाजवत होते.

भिकाजीरावांनी पान उजेडात धरून पुन्हा बघितलं.

"म्हणजे हा टवाळ जिंकला?" भिकाजीरावांचा आवाज मैदानावरचा होता.

"छे, छे! तो शेवट नाही," राजाभाऊ घाईघाईने म्हणाले. "पुढच्या भागात त्याला चांगली शिक्षा होते."

"कुठाय पुढचा भाग?"

"काढायचा राहिलाय."

"मग काढा. रविवारी आधी तो वाचतो. सुपारीचं नंतर बघू."

रविवारपर्यंत राजाभाऊ टेबलावरून उठले नाहीत. वासंतीबाईंनी एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "यात काय चाललंय ते तरी कळतंय हो." पंचवीस वर्षांत खोवीरला मिळालेलं हे पहिलं कौतुक, आणि तेही तो कान धरून उभा असताना.

रविवारी पाहुणे आले. पोहे निवत होते. दाराआड अवनी उभी होती आणि सलिल तिच्याकडे न बघायचा प्रयत्न करत होता. भिकाजीरावांनी पोह्यांना हात न लावता पानं चाळली आणि शेवटच्या चित्रावर थांबले. खोवीर कान धरून उभा, समोर शिट्टीवाला, खाली मधली पट्टी. खोवीरचा पाय पट्टीला नेमका टेकलेला होता. त्यापलीकडे राजाभाऊंचा हात काही केल्या गेला नव्हता.

"खोडरबर आहे का?" भिकाजीरावांनी विचारलं.

वासंतीबाईंनी दिला. तो त्यांनी राजाभाऊंपुढे ठेवला.

"पाय पलीकडे घ्या. चार बोटं."

"चार?"

"त्या दिवशी तेवढाच होता," भिकाजीराव म्हणाले.

राजाभाऊंनी वर पाहिलं. भिकाजीराव शांतपणे चष्मा पुसत होते. राजाभाऊंनी एकदा दाराकडे बघितलं, पाय खोडला आणि चार बोटं पलीकडे काढला.

भिकाजीरावांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि पोह्यांची बशी जवळ ओढली.

"आणा ती सुपारी," ते म्हणाले.