पडद्यावरचा शंकरपट

टीव्हीच्या पडद्यावर आश्रुबाची बैलजोडी पुन्हा जिंकली आणि भुजंग टीव्हीच्या मागे सरकला. कारण हरणारे दिनकरराव समोरच बसले होते, आणि देवगाव फाट्यावरच्या या व्हिडिओ गेमच्या टपरीची जागा त्यांचीच होती.

शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, हा गेम भुजंगनेच लिहिलेला. तांबडी जोडी दिनकररावांची. ती खेळणाऱ्याने बटण बडवून पळवायची. काळी आश्रुबाची, ती मशीन पळवायचं. खऱ्या शंकरपटात आश्रुबाला जोडी उतरवू देत नव्हते. बैलांना जात नसते, गावाला असते. भुजंगने त्याला पडद्यावर उतरवलं, तेही हरण्यापुरतं!

यंदा नवं मशीन आलं. सगळं नव्याने कोण लिहितो? भुजंगने जुन्या गेमचाच सांगाडा उचलून त्यात बसवला. मशीन चौपट चपळ, माणसाचा अंगठा मात्र तोच. बटण दोनदा दाबेपर्यंत काळी जोडी पार!

"आश्रुबाची बैलं लय पळायलीत की, मालक!" शेजारची चहावाली कडूबाई खिदळली. दारात गर्दी फुटेस्तोवर साचली होती. त्यात आश्रुबाही होता.

"भुजंगा, टपरी ठेवायची हाय का न्हाई?" दिनकरराव गरजले.

"मालक, चाल गेमच्या हाडात हाय. ती बदलायची तर समदं उकलून पुन्यांदा रचावं लागंल. रंग न् नावं तेवढी आत्ता बदलतो."

"मंग बदल! पळणारी जोडी माझी, मागं राहणारी त्याची."

भुजंगने बदललं. दिनकररावांनी मिशीवर हात फिरवून बटण धरलं. तांबडी जोडी सुसाट सुटली, जिंकली. पण टाळी पडेना.

"भुजंगा, मी दाबायच्या आदीच कशी पळाली रे?"

"ती आता मशीन पळवतंय, मालक. तुमच्या हातात आश्रुबाची जोडी हाय."

"म्हंजे हरलं कोण?"

"आश्रुबा… म्हंजे, तुमी."

"हाना, आश्रुबा, हाना!" कडूबाई मालकांकडे बघून ओरडली. गर्दी फुटली हसून.

दिनकररावांना हरणं माहीत नव्हतं. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि बटण असं बडवायला घेतलं की टेबल नाचू लागलं. तेवढ्यात आश्रुबा पुढं आला.

"मालक, उटा जरा. बैलं माझी हायत. मला बी येकदा हाकू द्या."

"सरक मागं!" घामाघूम दिनकररावांनी नजर पडद्यावरून हलवली नाही. "आश्रुबा जिंकल्याबिगर मी उटत न्हाई!"